पियानोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा: वय, घर, गुरू आणि आपली गोव्यातली मुलं

मांडवीपार:

मंडळी, २०२५ च्या ऑक्टोबरात वॉर्सातली, पोलंडच्या शोपँ ह्या संगीतकाराच्या नावाची पियानो स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह बघितली तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात घोळतंय. आपल्याकडे पियानो म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, एक तर कुणाच्या तरी जुन्या घरातल्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, बंद पडलेला पियानो, नाहीतर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा. त्याच्यापुढे काय असतं ते बघू म्हणून बसलो आणि मग उठवेना.

पहिला आला एरिक लू, अमेरिकेचा, वय २७. पण हाच मुलगा २०१५ ला सतरा वर्षांचा असताना ह्याच स्पर्धेत चौथा आला होता, मग २०१८ ला इंग्लंडातली लीड्स स्पर्धा जिंकला, कार्यक्रम-रेकॉर्डिंग सगळं नीट चाललेलं, आणि तरी दहा वर्षांनी परत त्याच स्टेजवर येऊन बसला. पहिल्या फेरीत गळला असता तर मिळवलेल्या नावाला धक्का बसला असता, हे माहीत असून आला. आणि त्याच फायनलमध्ये सोळा-सतरा वर्षांची चीनची त्यानयाओ ल्यू, विभागून चौथी! म्हणजे एकीकडे सगळं पणाला लावून परत आलेला माणूस आणि दुसरीकडे अजून शाळेच्या वयातली मुलगी, दोघांना परीक्षक तेच, वाद्यवृंद तोच, आणि संगीतकार तर एकच, कारण तिथे पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत शोपँशिवाय दुसरं काही वाजवायचंच नसतं.

पण मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय तो स्टेजवर नव्हताच. डांग थाय सॉन. व्हिएतनामचा, १९८० ला ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. त्याचं लहानपण हनोईवर बॉम्ब पडत होते त्या काळातलं, म्युझिक स्कूल शहरातून खेड्यात हलवलेलं, पियानो कसले मिळत असतील विचार करा. आई थाय थी लिएन स्वतः पियानिस्ट, तीच पहिली गुरू. ती १९७० ला ह्या स्पर्धेला पाहुणी म्हणून वॉर्साला गेली आणि येताना शोपँच्या रेकॉर्ड्स आणि नोटेशनची पुस्तकं घेऊन आली. पुढे एका रशियन शिक्षकानं मुलाला ऐकलं, मग मॉस्को, मग वॉर्सा. आता गंमत बघा, २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ ह्याच डांगचा शिष्य, आणि २०२५ चा एरिक लू पण त्याच्याकडे शिकलेला.

म्हणून माझं मत असं झालंय की वय लहान की मोठं, देश गरीब की श्रीमंत, ह्यानं अडतं पण कायमचं अडत नाही. अडतं ते साखळी नसली की. ज्यानं स्वतः त्या स्टेजवर वाजवलंय असा कुणीतरी शिकवायला बसला पाहिजे, मग तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला. गोव्यात पाश्चात्त्य संगीत जवळजवळ पाचशे वर्षं आहे, मग ही साखळी आपल्याकडे पियानोत का नाही झाली? बोला.

---

फोंड्याची_आई:

छान धागा दादा. माझा प्रश्न जरा घरगुती आहे. मुलगी अकरा वर्षांची, ग्रेड फाइव्ह झालीय, हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. आम्ही जिथे पाठवतो तिथून सारखं येतं की हिला इंटरनॅशनल ऑनलाइन कॉम्पिटिशनला घाला, व्हिडिओ पाठवायचा, फी बरीच, आणि दोन आठवड्यांत 'फर्स्ट प्राइज' म्हणून सर्टिफिकेट ईमेलवर. एकदा घातलं. नंतर कळलं की तिच्या वर्गातल्या बहुतेकांना फर्स्टच मिळालंय. पोरगी खूश होती आणि मला मात्र तिच्याकडे बघून पोटात कालवलं. खरी स्पर्धा कुठली आणि नुसती फी घेणारी कुठली हे ओळखायचं कसं?

---

अवनी_पर्वरी:

ताई, मी पियानो शिकवते म्हणून सांगते. आधी परीक्षकांची नावं बघा, ते स्वतः कुठे वाजवतात, कुठे शिकवतात ते शोधा. मग किती फेऱ्या आहेत, वाजवायला काय काय दिलंय, निकाल सगळ्यांसमोर लागतो का. मोठ्या स्पर्धांचा एक जागतिक महासंघ आहे, जिनिव्हाला, त्याच्या यादीत नाव आहे का बघायचं. ह्या महासंघानं युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ ला मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेलासुद्धा यादीतून काढलं, एवढी जुनी स्पर्धा असून.

आणि एक मोठा फरक सांगते. ग्रेड एटला मुलं तीन पीस वाजवतात, सगळे मिळून बारा-पंधरा मिनिटं. आता टेक्सासची व्हॅन क्लायबर्न स्पर्धा घ्या, २०२२ ची. पहिली फेरी ४० मिनिटं एकट्यानं. दुसरी ४० मिनिटं, सगळं नवीन. सेमीफायनलला तासभराचा कार्यक्रम आणि शिवाय मोझार्टचा एक कन्चेर्तो, म्हणजे एक पियानो आणि सोबत अख्खा वाद्यवृंद अशी रचना. फायनलला अजून दोन कन्चेर्तो, ऑर्केस्ट्राबरोबर. तीस जणांतून अठरा, मग बारा, मग सहा. हे सगळं घरून निघताना बोटांत आणि डोक्यात तयार पाहिजे, कारण पुढे जाणार की नाही ते त्याच रात्री कळतं आणि एकदोन दिवसांत परत स्टेजवर.

ती स्पर्धा जिंकला युनचान लिम, वय १८, त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लहान. सेमीफायनलला लिस्ट ह्या संगीतकाराचे बाराच्या बारा ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स (हाताची कसोटी बघणारे अवघड पीस) सलग वाजवले, त्यातला एकेक वाजवताना भल्याभल्यांचे हात भरून येतात. फायनलचा राखमानिनोव्ह तिसरा कन्चेर्तो यूट्यूबवर आहे, एक कोटीच्या वर लोकांनी बघितलाय. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की आईवडील संगीतातले नाहीत, आणि तोवरचं त्याचं सगळं शिक्षण कोरियातच झालेलं, गुरू मिन्सू सोन. परदेशी न जाता. म्हणजे मांडवीपार म्हणतात ती साखळी कोरियानं आपल्या घरी आणून बांधली.

---

डिचोलीकर:

अवनीताई, लहान मुलांचं ठीक आहे हो, पण आमच्यासारख्यांचं काय? मी चाळिशीला टेकलो तेव्हा पहिल्यांदा पियानोवर हात ठेवला. ऑफिसमधून आल्यावर हेडफोन लावून डिजिटलवर बसतो, बायको म्हणते तुझं जे काय आहे ते आम्हाला ऐकूच येत नाही 🙂 मला स्पर्धा जिंकायची नाहीये. पण सगळीकडे वयाची अट वाचून वाईट वाटतं. शोपँ स्पर्धा १६ ते ३०. म्हणजे तिशीनंतर माणसानं नुसतं ऐकायचं?

---

मांडवीपार:

डिचोलीकर, नाही! ह्याच क्लायबर्नवाल्यांची हौशी लोकांसाठी वेगळी स्पर्धा आहे, १९९९ पासून, अट एवढीच की वय ३५ किंवा त्याहून जास्त पाहिजे आणि पोटापाण्याचा धंदा पियानो नको. वरची मर्यादा नाही. २०११ ला जिंकले ते क्रिस्तोफर शी, डॉक्टर. २०१६ ला टॉमस यू, कॅनडातले दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या हिरड्या बघून रात्री रियाज करणारी माणसं, आणि वाजवतात ऐका, हौशी शब्द विसरून जाल. पॅरिसलाही अशी स्पर्धा होती, ती तर त्याच्याही आधी सुरू झालेली, १९८९ ला.

आणि उशिरा सुरू करणाऱ्यांत माझा सगळ्यात आवडता म्हणजे ल्युका देबार्ग. फ्रान्सचा. घरात पियानो नाही, दहा-अकराव्या वर्षी मित्राच्या घरी पियानो दिसला, शिकला, मग सोडून दिला, साहित्य शिकायला पॅरिसला गेला, सुपरमार्केटमध्ये कामाला लागला. विसाव्या वर्षी परत पियानोकडे आला आणि चारच वर्षांत, २०१५ ला, मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेच्या फायनलला. नंबर चौथा. पण मॉस्कोच्या समीक्षकांनी आपलं वेगळं बक्षीस त्याला दिलं आणि पहिल्या नंबरापेक्षा जास्त चर्चा ह्याची झाली. त्यानं वाजवलेली राव्हेलची 'गास्पार' ही रचना ऐका, बोटं रूढ पद्धतीनं पडत नाहीत असं जाणकार म्हणतात, पण माणूस विचार काय करतोय ते प्रत्येक सुराला कळतं.

---

पेटीवाला_म्हार्दोळ:

मी पेटीवाला माणूस, नाट्यसंगीताची आणि भजनाची साथ करतो. पियानोतलं मला काही कळत नाही पण स्पर्धा कळते. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत पुरुषांचे, महिलांचे, बालांचे वेगळे गट असतात, आणि निकालानंतर कुठल्याही देवळाच्या मंडपात उभे राहा, परीक्षकांनी काय ऐकलं आणि काय ऐकलं नाही ह्यावर पहाटेपर्यंत बोलणं चालतं. तर मला विचारायचंय की तिकडे परीक्षकांवर असे वाद होतात का? आणि आपला शिष्य गायला बसला तर परीक्षक गुरू काय करतो?

दुसरं, दृष्टी नसलेला एक जपानी मुलगा जिंकला होता असं ऐकलेलं. तो नोटेशन कसं वाचतो?

---

मांडवीपार:

पेटीवाले बाब, वाद म्हणजे काय विचारता. ज्या १९८० मध्ये डांग थाय सॉन जिंकला त्याच वर्षी इव्हो पोगोरेलिच नावाचा युगोस्लाव्हियाचा मुलगा फायनलच्या आधीच बाहेर काढला. मार्ता आर्गेरिच, १९६५ ची विजेती, परीक्षक होती, ती म्हणाली हा मुलगा प्रतिभावंत आहे आणि राजीनामा देऊन निघून गेली. पुढे पोगोरेलिच जगभर गाजला. त्याच्याही मागे जा, १९३८ ला ब्रसेल्सच्या स्पर्धेत पहिला एमिल गिलेल्स आणि सातवा कोण? आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली! आज त्या यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्यापेक्षा सातव्याचंच नाव जास्त घेतलं जातं. आणि शोपँ स्पर्धेत १९९० आणि १९९५ दोन्ही वेळा पहिला नंबर कुणालाच दिला नाही.

आपल्या शिष्याला मार्क द्यायचे नाहीत असा नियम आहे. २०२१ ला डांग परीक्षकांत होता आणि ब्रूस लिऊ वाजवत होता तेव्हा हाच नियम लागू होता. तरी लोक बोलतातच.

जपानचा तो नोबुयुकी त्सुजी. जन्मापासून अंध. २००९ ला क्लायबर्नमध्ये विसाव्या वर्षी पहिला, चीनच्या हाओचेन झांगबरोबर विभागून. तो कानानं शिकतो. त्याच्यासाठी दुसरे पियानिस्ट उजवा हात वेगळा, डावा हात वेगळा असं रेकॉर्ड करून देतात आणि तो ते ऐकून ऐकून पाठ करतो. कंडक्टर दिसत नाही, तर श्वास ऐकतो. कंडक्टर हात उचलायच्या आधी जो श्वास घेतो ना, तो.

---

पेटीवाला_म्हार्दोळ:

हे वाचून अंगावर काटा आला हो. गायक सम घ्यायच्या आधी जो श्वास घेतो त्यावरच आम्ही आयुष्यभर साथ केली. आमच्या मास्तरांनी कधी कागद दाखवला नाही, एक ओळ शंभरदा कानावर घातली आणि मग म्हणाले वाजव. तिकडे एवढ्या मोठ्या स्टेजवर हेच करून माणूस जिंकला म्हणजे आपलं शिकणं काही कमी नव्हतं. मुलांना कागद वाचायला जरूर शिकवा पण कानानं उचलायची सवय मोडू नका ही विनंती.

---

दर्यावर्दी:

मी बोटीवर असतो, नेट मिळालं की वाचतो. मांडवीपार, तुमच्या साखळीच्या मुद्द्याला माझा अर्धाच होकार. पैसा कुठे गेला? लँग लँगचं उदाहरण घ्या, वडिलांनी पोलिसातली नोकरी सोडून मुलाला घेऊन बीजिंगला खोलीत राहिले, आई मागे राहून पैसे पाठवायची. १९९४ ला जर्मनीत एट्लिंगनच्या मुलांच्या स्पर्धेत बारा वर्षांचा असताना पहिला आला. आपल्याकडे कुठला बाप असं करील आणि करावं तरी का? आणि भारतातली मुलं काही मागे आहेत असं नाही, चेन्नईचा लिडियन नादस्वरम तेरा वर्षांचा असताना २०१९ ला अमेरिकन टीव्हीवर दहा लाख डॉलर जिंकला, एकाच वेळी दोन पियानो दोन हातांनी वाजवून.

---

अवनी_पर्वरी:

लिडियन गुणी आहे, प्रश्नच नाही, पण तो टीव्हीचा शो होता, तिथे वेग आणि थक्क करणं ह्याला महत्त्व. इथे आपण बोलतोय त्यात तुम्हाला तासभर लोकांना धरून ठेवायचं असतं, हळू वाजवून. दोन वेगळे खेळ आहेत.

पैशाचं मात्र खरं आहे. आणि पैशाच्या आधी वाद्य. गोव्यातला पाऊस आणि पियानो हे ज्यानं सांभाळलंय त्यालाच माहीत. पियानोला हवेत ओलावा चाळीस-पन्नास टक्के पाहिजे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऐंशी-नव्वद. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की खालीच राहते, बोटानं वर उचलावी लागते. हातोड्यांवरच्या लोकरीच्या नमद्याला कसर लागते, तारांना गंज. जुन्या घरांत आत छोटा बल्ब लावून ठेवायचे, रात्रंदिवस, थोडी ऊब राहायला. माझ्या अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) अजून आहे. लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसला की मी आधी पियानोकडे बघते. ट्यूनर मिळाला तर नशीब, तोही बऱ्याचदा बाहेरून यायचा. अशा वाद्यावर शिकलेलं मूल वॉर्साला गेलं तर तिथे पाच कंपन्यांचे कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मैफलीचे मोठे आडवे पियानो, ओळीनं ठेवलेले असतात, स्टाइनवे, यामाहा, कावाई, फाझिओली, बेखश्टाइन, आणि काही मिनिटांत त्यातला आपला निवडायचा. ब्रूस लिऊ आणि एरिक लू दोघांनी फाझिओली निवडला. आपल्या मुलानं जन्मात एकही पुरा ग्रँड हाताखाली घेतला नसेल तर तो कसा निवडणार?

---

मांडवीपार:

दर्यावर्दी, पैशाचा मुद्दा मान्य, पण साखळीबद्दल मला अजून थोडं बोलायचंय कारण हे मनाला फार लागतं.

पोर्तुगीज काळात इगर्जींना (चर्चना) लागून शाळा होत्या, तिथे मेस्त्री, म्हणजे संगीताचा मास्तर, गावच्या पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर वाचून गाणं) शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. त्यातून काय तयार झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मुंबईच्या हिंदी सिनेमाचा बराचसा वाद्यवृंद गोंयकारांनी उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. कागद समोर ठेवला की वाजवलाच. पण ते शिक्षण वृंदात बसायचं होतं, मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) वाजवायचं, फेस्ताला (सणाला) वाजवायचं, सगळ्यांबरोबर. एकट्यानं दोन तास स्टेज धरायचं शिक्षण तिथे नव्हतं, त्याची गरजच नव्हती. आणि पियानो तर इगर्जीत नाहीच, तो भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, सालात. मुलींनी लग्नाआधी थोडं शिकायचं, पाहुण्यांसमोर एखादा वॉल्ट्झ वाजवायचा आणि झाकण बंद. त्यात किती मुली असतील ज्यांना पुढे जायचं होतं, त्यांचं कुठे नावही राहिलं नाही. आमच्या हिंदुस्थानी गाण्यात बघा, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, दोघी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं शिकल्या, आणि मोगूबाईंनी पुढे किशोरीताई घडवल्या. तीच माती, तोच पाऊस. तिथे साखळी होती म्हणून झालं.

बाया-माणसांचा विषय निघाला म्हणून, २०२२ च्या क्लायबर्नला दुसरी आलेली आना गेन्यूशेने गरोदर होती. त्या तीनही फेऱ्या आणि फायनल तिनं पोटात बाळ घेऊन वाजवली. रशियाची होती, आणि तिसरा आलेला द्मित्रो चोनी युक्रेनचा, तिकडे युद्ध चाललेलं आणि इकडे दोघं एका स्टेजवर पदक घ्यायला. त्या वेळचा व्हिडिओ बघताना मला बोलवेना.

---

निवृत्त_हेडमास्तर:

चर्चा मन लावून वाचतोय. एक वेगळी बाजू मांडतो. एवढ्या कोवळ्या वयात एवढा ताण मुलांवर टाकावा का? ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत म्हणे फायनलच्या बारा मुलांना आठवडाभर एका जागी बंद ठेवतात, फोन काढून घेतात. हे संगीत आहे की शिक्षा?

---

अवनी_पर्वरी:

मास्तर, ते अगदी बरोबर ऐकलंत, पण त्यामागचं कारण ऐका. त्या आठवड्यात त्यांना एक कोरा नवीन कन्चेर्तो देतात, कुणी कधी ऐकलेला नसतो, छापलेलाही नसतो. कुणाला विचारायचं नाही, गुरूला फोन नाही. आठवड्यात स्वतः बसवून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचा. गुरूनं शिकवलेलं वाजवणारे पुष्कळ असतात, गुरू नसताना काय करतो ते ह्यात दिसतं. आणि ते बंद ठेवलेले बाराजण एकत्र जेवतात, एकमेकांना धीर देतात, त्यातल्या मैत्र्या जन्मभर टिकतात असं तिथे गेलेले सांगतात. क्लायबर्नला तर स्पर्धक हॉटेलात नसतातच, गावातली कुटुंबं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात, त्या घरात पियानो आणून ठेवतात, जेवूखाऊ घालतात. फोर्ट वर्थचे लोक वर्षानुवर्षं हे करतायत. मला वाटतं आपल्याला शिकायचं असेल तर ते हे.

ताण असतो, नाही म्हणत नाही. म्हणून पंधराच्या आधी मी स्वतः कुणाला घालत नाही. पण माझं मत सगळ्या शिक्षकांचं नाही.

---

फोंड्याची_आई:

सगळ्यांचे आभार. घरात बोलले. ह्या वर्षी ऑनलाइन काही घालणार नाही, त्या फीच्या पैशात ट्यूनर बोलावणार. आणि मुलगी स्वतःच म्हणाली की मला तो न बघता वाजवणारा दादा परत दाखव. आता ती डोळे मिटून डाव्या हाताच्या उड्या मारायचा प्रयत्न करतेय, निम्म्या चुकतात.

अवनीताई, तुम्ही म्हणालात ग्रँड हाताखाली घेतला पाहिजे. पणजीत किंवा मडगावात असं कुठे मुलांना तासभर बसू देतील का? विचारायला लाज वाटते पण विचारते.

---

अवनी_पर्वरी:

लाज कसली ताई. माझ्या ओळखीच्या एका घरी बेबी ग्रँड आहे, पर्वरीत, म्हाताऱ्या बाई एकट्याच असतात आणि कुणी वाजवलं तर त्यांना बरं वाटतं. मी त्यांना विचारून व्यक्तिगत निरोप पाठवते. येताना तिला एकच पीस तयार करून आणू दे पण आधीपासून शेवटपर्यंत न थांबता, चुकलं तरी थांबायचं नाही. आणि नखं कापून.

---

डिचोलीकर:

त्या बाईंची हरकत नसली तर मीही येऊ का? मी मागे बसून ऐकेन, आणि वेळ उरला तर माझा एक छोटा नॉक्टर्न (पियानोचा संथ पीस) आहे. हेडफोनशिवाय अजून कुणासमोर वाजवला नाही.

---

मांडवीपार:

नक्की या. आणि पेटीवाले बाब, तुम्हीही या, म्हार्दोळहून मी गाडीत घेतो. मुलीला कानानं शिकायचंच आहे तर तिच्याजवळ बसून तुम्ही दोन ओळी वाजवून दाखवा, ती पियानोवर उचलेल. दर्यावर्दी सुट्टीवर कधी येतायत ते कळवा, तोवर अवनीताई तारीख बघून ठेवा, फक्त गुरुवार नको, मला ऑफिस आहे.